मानस

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
चष्मा पुसला तर खिडकीतून झुआरीची एक रेघ दिसते.
समोर मेणाच्या दोन वड्या,
दोन्हींत इनास कुलासोच्या मांडीतला मऊ मांसाचा कण:
एक फेब्रुवारीतला, एक ऑगस्टमधला.

मधल्या महिन्यांत सहा वेळा
त्याच्या शिरेत लाल औषध गेलं.
भिरंडाच्या आगळासारखं लाल.
"पिवंक दी गो, शिरेंत कित्याक?"
असं तो सिस्टरला म्हणाल्याचं मला नंतर कळलं.
गाठ नारळाएवढी होती, लिंबाएवढी झाली,
सगळे हसले,
जुलैत ती पुन्हा बोटाला लागली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, रेझिस्टन्स.
तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला,
पँटच्या घड्या पोटरीपर्यंत,
बुटांना आगशीच्या खाजनातला काळा चिखल.
हा शब्द तुझा काय, म्हणाला.

मी सांगितलं,
प्रत्येक पेशीत एकच दप्तर असतं,
तुमच्या कोमुनिदादीच्या कपाटासारखं.
मूळ कागद कधी बाहेर जात नाही.
कारकून नक्कल काढून देईल तेवढंच गावात चालतं.
फेब्रुवारीत एका कागदाच्या चार नकला निघत होत्या.
ऑगस्टमध्ये चारशे.

आणि त्या कागदात काय लिहिलंय?

आत आलेलं औषध बाहेर फेकायचं दार कसं बांधायचं, ते.

तो हसला. म्हणाला, मानस.
मला वाटलं, मनाबद्दल बोलतोय,
आम्ही मराठीत वाढलेली माणसं लगेच मनाकडे जातो.
त्याने टेबलावर माझ्या स्लाइडची दोन रिकामी खोकी ठेवली,
मधे पट्टी उभी केली.
ही खाडी. हे शेत. ही मानस.
भरतीचं पाणी ढकलतं, फळ्या मिटतात.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, फळ्या उघडतात.
बाहेरच्याला मनाई, आतल्याला मुभा.
तीस वर्षं मी हेच राखलं.
कुर्ल्या बांध पोखरायच्या, मी रात्री कंदील घेऊन बिळं बुजवायचो.

मग बराच वेळ पट्टी धरून राहिला.
"माझ्याच आंगान माझेंच काम शिकून घेतलें मगो."

मी म्हटलं, औषधाने शिकवलं बहुतेक.
पुस्तकात दोन्ही मतं आहेत.

नाही, तो म्हणाला.
एका वर्षी बांध फुटला, खारं पाणी शिरलं,
सगळं भात पिवळं पडून मेलं.
कोरगुट तेवढं उरलं.
कोरगुटाला कुणी शिकवलं?
ते आधीच होतं. दोन लोंब्या इथे, चार तिथे.
गोड पाण्यात ओळखू येत नव्हतं एवढंच.

तो गेल्यावर मी फेब्रुवारीची काच पुन्हा लावली.
मीच पाहिलेली, मीच सही केलेली.
या वेळी मधला भाग सोडून
कडेकडेने गेले, बांधावरून चालावं तशी.
खालच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे काप थोडा दुमडला होता
आणि मी घाईत होते,
सात पेशी.
तपकिरी रंग धरून बसलेल्या,
औषधाचा पहिला थेंब पडण्याआधीच्या.

सात. दोनदा मोजल्या.

दुसरं औषध आहे. ते लाल नाही, पाण्यासारखं आहे.
सोमवारी सुरू होईल.
त्याला विचारावंसं वाटतं
की बाहेरून मानस बंद करायची तर कुठली फळी आधी धरायची,
पण हे रुग्णाला विचारायचं नसतं.

जाताना त्याने रिपोर्ट उलटा करून
माझ्यापुढे ठेवला होता, पेनही दिलं होतं.
मुलगा नवा आहे, म्हणाला, त्याला फोनवरचं समजत नाही,
उद्याची भरती किती वाजता ते जरा लिहून दे.

मी लिहिलं.
पहाटे चार बावीस.
मागच्या बाजूने शाई उमटली,
निदानाच्या ओळीवर, उलटी.